बगळेपंतांचा दुसरा पाय

एका रानात माकडाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. "आपलं रान, आपला रुबाब!" असं म्हणत माकडराजानं पलीकडच्या रानाला जोडणारा ओढ्यावरचा साकव तोडून टाकला. तेव्हापासून अलीकडची जांभळं अलीकडेच सडू लागली आणि पलीकडचा मका येईनासा झाला.

पुढे निवडणूक लागली. विरोधी पुढारी बगळेपंत तळ्यात एका पायावर उभे राहिले, ते राहिलेच. दुसरा पाय टेकवला आणि चिखलात रुतला तर? माकडराजा रोज स्वतःच्याच शेपटीत अडखळून आपटत होता. मग आपण कशाला हलायचं!

जांभळं विकणाऱ्या साळूबाई साळिंदरनं विचारलं, "पंत, साकव बांधणार ना?"

"साकव? छे छे! पण पलीकडच्यांशी जवळीक मात्र वाढवू."

"साकवाशिवाय?"

"योग्य वेळी बोलू," म्हणत पंतांनी चोच पंखात खुपसली.

माकड हरलं, पंत गादीवर बसले. साळूबाई धावत आली. "महाराज, आता तरी दुसरा पाय टेका!"

"हळू बोल, बाई," पंत कुजबुजले. "पुढची निवडणूक तोंडावर आलीय."

एवढं बोलून महाराजांनी पंख पसरले आणि जेवायला ते पलीकडच्या काठावर उडून गेले.