कोऱ्या गळ्याचा ओतारी

पूर्वी अश्मक देशात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका ओताऱ्याच्या घरी जन्म घेतला, आणि वयात आल्यावर तो राजाच्या ओतशाळेत कामाला लागला. तिथे घंटा, दिवे, भांडी ओतली जात.

ओतशाळेचा मुख्य तेव्हा दंडक नावाचा म्हातारा होता. त्याने एक रीत पाडली होती. ज्याचे ओतीव बिघडेल त्याने तो बिघडलेला तुकडा दोरीला बांधून गळ्यात घालायचा आणि दिवसभर दाराशी बसायचे. येणारेजाणारे हसत. सोबती तर पोट धरून हसत, कारण आज त्यांचा गळा सुटलेला असे. दंडकाला वाटे, लाजेने माणूस शहाणा होतो. माणसे शहाणी झाली खरी, पण लपवण्यात. बिघडलेले राखेच्या ढिगात पुरायचे, का बिघडले ते कुणाला सांगायचे नाही, आणि शेजाऱ्याचे बिघडताना दिसले तर तोंड फिरवायचे. केस पिकले तरी हात शिकाऊच राहिला. कुणाला अन्न पचेना, कुणाची झोप उडाली, कुणी भट्टीजवळ आला की थरथरायला लागे.

त्या सगळ्यांत रोहक नावाच्या ओताऱ्याचा गळा तेवढा कोरा. उभ्या आयुष्यात त्यावर तुकडा चढला नव्हता. हात चांगला होता, खोटे कशाला बोलायचे. पण राखेत पुरण्यातही त्याच्यासारखा तरबेज दुसरा नव्हता.

दंडक मेला. आता आपणच मुख्य, म्हणून रोहकाने नवे पागोटेसुद्धा रंगवून घेतले. राजाने नेमले मात्र बोधिसत्त्वाला, जो आपले बिघडलेले कधी पुरत नसे.

"ज्याच्या गळ्यात सगळ्यांत जास्त तुकडे लटकले तो मुख्य," रोहक घरी येऊन बायकोला म्हणाला. "आणि मी कोण?"

"तुम्ही जेवून घ्या," चंपा म्हणाली. "गार होतंय."

बोधिसत्त्वाने पहिल्याच दिवशी ती दोरी भट्टीत टाकली. संध्याकाळी सगळे पेज प्यायला बसत तिथे एक सपाट दगड होता. त्यावर त्याने स्वतःचाच तडकलेला दिवा ठेवला. "हा माझा," तो म्हणाला. "का तडकला ते मला कळत नाही. कुणाला कळतंय?"

सगळे पेज पीत राहिले. दुसऱ्या संध्याकाळीही तोच दिवा. शेवटी एक जण चाचरत म्हणाला, "मुख्य, कथील जरा घाईनं टाकलंत वाटतं." बोधिसत्त्वाने तसे करून पाहिले. दिवा नीट उतरला, आणि त्याने त्या माणसाच्या वाडग्यात आपल्या हाताने पेज वाढली.

त्यानंतर तो दगड रिकामा राहिला नाही. आज याचे भांडे, उद्या त्याची घंटा. माणसे वाद घालत, एकमेकांच्या साच्यात डोकावत. पोटदुख्या थांबल्या. तिष्य नावाचा तिशीतला गडी, ज्याला दंडकाने माती मळण्यापलीकडे काही करू दिले नव्हते, तो वर्षभरात आख्खे साचे बांधू लागला.

रोहकाला हे बघवत नसे. तो दगडाकडे पाठ करून बसे, पण कान तिकडेच. बोधिसत्त्व पागोटे जरा वाकडे बांधी, तर पोरेही वाकडी बांधू लागली. ओतशाळेतला कुत्रा इतकी वर्षे रोहकाच्या पायाशी निजायचा, तोही उठून त्या दगडाशी जाऊन बसला. घरी यावे तर चंपा म्हणे, "तुमचे मुख्य वाटेत भेटले होते. माझा गुडघा कसा आहे विचारत होते." रोहकाचा घास तोंडातच फिरत राही. आपण कधी तिचा गुडघा विचारला नाही हे त्याला आठवले, आणि त्याबद्दलही त्याला बोधिसत्त्वाचाच राग आला.

पुढे राजाने वेशीसाठी मोठी घंटा ओतायला सांगितली. साचा बांधण्याचे काम तिष्याकडे गेले. ओतायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिष्य सगळ्यांपुढे उभा राहिला.

"साचा भाजल्यावर वरच्या अंगाला फट पडली होती," तो म्हणाला. "मी नदीकाठच्या चिकण मातीनं लिंपली, निखाऱ्यांनी सुकवली. तुम्ही सगळे एकदा बघा."

सगळ्यांनी हात लावून पाहिले. लिंपण कोरडे खणखणीत.

"सांगितलंस हे फार बरं केलंस," बोधिसत्त्व म्हणाला, आणि त्याने तिष्याच्या पाठीवर हात ठेवला.

फट पाडली म्हणून शाबासकी. रोहक मनात म्हणाला, आपण जन्मभर फट पडू दिली नाही, आपल्या पाठीवर कुणाचा हात पडला?

"रोहकदादा, तुम्हाला काय वाटतं?" तिष्याने विचारले.

"मला कशाला विचारतोस? तुझे मुख्य आहेत की सर्वज्ञ."

रोहकाला ठाऊक होते. नदीकाठची माती वरून सुकते आणि पोटात ओल धरून ठेवते. उकळते कासे त्या ओलीला लागले की वाफ कोंडते आणि साचा फुटून धातू तोंडावर उडतो. दंडकाच्या काळात, बाकीचे जेवायला गेलेले असताना, रोहकाचा असाच एक साचा फुटला होता. त्याने तुकडे राखेत पुरले, भाजलेला दंड फडक्यात गुंडाळला, आणि ते फडके अजून सुटले नव्हते. म्हणून ओतशाळेत ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

फुटू दे, त्याला वाटले. बघू कसला मुख्य आहे तो.

दुसऱ्या दिवशी राजा परिवारासह आला. मुहूर्त जवळ आला. मूस, म्हणजे धातू वितळवायचे भांडे, उचलण्याआधी बोधिसत्त्व प्रत्येकाला विचारी, "मनात काही आहे?" तसे त्याने आजही विचारले. रोहक भट्टीचा भाता ओढत होता.

"काही नाही," रोहक म्हणाला.

बोधिसत्त्वाने आणि तिष्याने मूस उचलली. तिष्य साच्याच्या तोंडावर वाकला. त्याचा दंड उघडा होता, गुळगुळीत, कुठे डाग नाही. रोहकाची नजर त्यावर पडली आणि फडक्याखालची जुनी कातडी चुरचुरली.

"थांबा," तो म्हणाला. "ओतू नका."

मूस हातात धरून विचारपूस करायला वेळ नसतो. बोधिसत्त्वाने का म्हणून विचारले नाही. तो वळला आणि ते सगळे कासे त्याने वाळूत ओतून दिले.

राजा संतापला. मुहूर्त टळला होता, धातू मातीत गेला होता. लिंपण फोडून पाहिले तेव्हा आतला चिखल बोटाला लागला.

"अपराध कुणाचा?"

"माझा, महाराज," तिष्य म्हणाला.

"मुख्य मी आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "मला कळायला हवं होतं."

राजाला जुनी रीत ठाऊक होती. त्याने वाळूतल्या कास्याचे एक ढेकूळ दोरीला बांधून बोधिसत्त्वाच्या गळ्यात घालायला लावले आणि त्याला वेशीत बसवले. बाजारची माणसे जमली, हसू लागली. रोहक गर्दीत उभा राहिला. तो मुख्य झाल्यापासून हेच बघायची इच्छा होती. पण बोधिसत्त्व तिथे असा बसला होता, जसा पेज प्यायला बसावा. तिष्य त्याच्या शेजारी जाऊन बसला, मग आणखी एक जण, मग सगळी ओतशाळा. रोहकाच्या कोऱ्या गळ्याकडे कुणी बघितलेसुद्धा नाही. आणि त्याला त्या ढेकळाचाही हेवा वाटला.

तो गर्दी सारत पुढे गेला. "काढ ते. माझं आहे ते."

"दादा, राजाची आज्ञा आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

"राजाला ओतीवातलं काय कळतंय?" रोहकाने दंडाचे फडके ओढून काढले. कातडी आवळलेली, काळपट. "ही ओल मला कालच ठाऊक होती. कालच काय, कितीतरी वर्षांपासून ठाऊक होती. सांगितली नाही."

बोधिसत्त्वाने त्या दंडाकडे पाहिले. "तेव्हा फार दुखलं असेल," तो म्हणाला.

हे रोहकाला आजवर कुणी म्हटले नव्हते. म्हणणार तरी कोण, दाखवले कुणाला होते? त्याने ढेकूळ ओढून आपल्या गळ्यात घातले आणि तिष्याला सरकायला सांगून तिथेच बसला.

"दोरी जरा सैल कर रे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "टोचतेय."

राजाच्या कानावर हे गेले, त्याचा राग उतरला आणि त्याने पुन्हा धातू दिला. या वेळी लिंपणाची माती रोहकाने वारुळावरून आणली, जी पोटापर्यंत सुकते, आणि ती मळताना तिष्याला आपल्या हातावर हात ठेवायला लावले. घंटा एकसंध उतरली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली ती एका वृद्ध भिक्षूसमोर. चीवर, म्हणजे भिक्षूंचे वस्त्र, रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण नवे भिक्षू रंगाच्या कढईजवळ आले की तो झाकण ठेवी.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा विहार बांधून देणारा गृहस्थ. तिष्य म्हणजे कालच ज्याचे चीवर डागाळले तो तरुण भिक्षू. मुख्य ओतारी मीच होतो. आणि रोहक..."

"रोहक कोण ते कळलं, भंते," वृद्ध भिक्षू म्हणाला, आणि कढईचे झाकण काढायला उठला.

चूक सांगणाऱ्याला भिऊ न देण्याच्या या गुणाला शास्त्यांनी अभयदान म्हटले. ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात त्याने हे दान आधी द्यावे.