अनसाबाईचं बुटकं झाड

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव सावळाराम. सांगाल ते ऐकायचा, हीच पंचाईत. सासू अनसाबाई तिखट जिभेची. पण जावयाला शिवी द्यायची रीत नाही, म्हणून त्याच्या वाटची शिवी ती मांजराला द्यायची.

तिचा नवरा एका बंगल्यावर माळी होता. तो गेला आणि मागं एक झाड ठेवून गेला. लार्च म्हणायचा तो त्याला. सुयांसारखी पानं, उंची हातभर, राहायला उथळ कुंडी. पण दिसायचं कसं, तर कड्यावर म्हातारं झालेलं. शहरातल्या प्रदर्शनाचे साहेब ते बघायला येणार होते. पसंत पडलं तर प्रदर्शनात झाडाच्या पाटीवर नवऱ्याचं नाव लागणार. अनसाबाईचा सगळा जीव त्या पाटीत.

थंडी पडली. सावळारामानं झाड उचलून चुलीपाशी ठेवलं, वर घोंगडी घातली आणि जाळात ओली लाकडं सारली. घर धुरानं भरलं.

"मेल्या, अक्कल शेणात घातलीस का?" अनसाबाई मांजराला म्हणाली. मग आवाज गोड करून, "जावईबापू, ते उघड्यावरचं झाड. थंडी खाल्ली की जीव कणखर होतो. आणि चुलीत कोरडं तेवढंच घालावं."

"बरं, मामी."

त्यानं कोंबडीची पिल्लं अंगणात मोकळी ठेवली. कणखर व्हायला. मुंगसानं नेली.

मांजरानं पुन्हा शिव्या खाल्ल्या. "जावईबापू, डालग्याखाली झाकावं. वर धोंडा ठेवावा."

"बरं, मामी."

त्यानं झाडावर डालगं घातलं, वर धोंडा ठेवला. काही दिवसांनी उचलून बघतो तर पानं सगळी खाली. सावळाराम गळा काढून रडला. अनसाबाईनं नखानं खोड खरवडलं. आत हिरवं होतं.

"रडू नका. मेलं नाही, झोपलंय. थंडीत पानं गाळतंच ते. वाळकं दिसलं तरी पाणी घालत राहावं. चैत्रात फुटतं."

"वाळकं दिसलं तरी?"

"हो, बापू, तरी."

"बरं, मामी."

साहेब यायचा दिवस उजाडला. "मी खारी घेऊन येते," अनसाबाई म्हणाली. "तोवर साहेब आले तर चहा पाजल्याशिवाय हलू देऊ नका."

परत येऊन बघते तर साहेब पडवीत, हातात कप. आणि अंगणभर डबे, कुंड्या, फुटक्या घागरी. प्रत्येकात सरपणाचं एक लाकूड उभं खोचलेलं, पाण्यानं निथळत.

"बाई, चहा फक्कड. वासच निराळा," साहेब म्हणाले. "आता झाड दाखवा."

उथळ कुंडी जागेवर होती. झाड नव्हतं.

"जावईबापू, सरपण मातीत कशाला रोवलंत?"

"वाळकं दिसलं. पाणी घातलं."

"मग चहा कशावर केलात?"

"तीच तर अडचण झाली, मामी. लाकडं सगळी ओली. त्यांना घालता घालता चहापुरतंच पाणी उरलं, बुटक्याला थेंब नाही. घरात तेवढं एकच कोरडं. तुम्हीच म्हणालात, कोरडं तेवढंच घालावं. पेटलं मात्र झकास."

अनसाबाईनं मांजर शोधलं. ते केव्हाच कौलांवर चढून बसलं होतं.

"जिवाला लावून घेऊ नका, मामी," सावळाराम म्हणाला. "एक गेलं, पण अंगणभर लावलीत. साहेब, ह्यातलं कुठलं पसंत पडतंय बघा. चैत्रात फुटेल."