तांबटाने दिलेला कंद

एका गावात एक तांबट राहत होता. भांडी तो बरी घडवायचा, पण गावात नाव होतं ते त्याच्या परसबागेचं. थंडीत तिथे वालपापडी लोंबायची, उन्हाळ्यात सांडपाण्यावर अळू आणि पुदिना तग धरायचा, आणि पावसाळा आला की मागचं कुंपण करटुल्याच्या वेलांनी भरून जायचं. हिरवी, काटेरी, लिंबाएवढी करटुली. त्या मुलखात ती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. तांबटाच्या बायकोने डोंगरातल्या माहेराहून त्यांचे कंद आणले होते. आता ती नव्हती, तिचे वेल होते.

त्यांतला कोपऱ्यातला एक वेल नुसताच फुलायचा. फळ म्हणून धरायचा नाही. तांबट तो उपटायला निघाला की बायको म्हणायची, "राहू द्या हो. घरात एखादा नुसता गाणारा असतोच."

गावात बागेचं वेड असलेली आणखीही माणसं होती आणि त्यांची एक रीत होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखितीला, सगळे पारावर जमायचे आणि बिया, कंद, फुटवे एकमेकांना द्यायचे. नियम एकच. जे आपण स्वतःच्या परसात राखू, तेच दुसऱ्याला द्यायचं. तपासायला कुणी नसे, ज्याने त्याने आपलं आपण पाहायचं.

तांबटाच्या शेजारी एक कासारीण राहायची. घरोघर बांगड्या भरायची आणि उरलेल्या वेळात माती उकरत बसायची. तांबटाची वालपापडी मुळात तिच्याकडची, पुदिनाही तिचाच. ती मात्र वर्षानुवर्षं करटुल्याचा एक कंद मागत होती आणि तांबट म्हणत होता, "पुढच्या आखितीला बघू, अक्का." आपल्या एकट्याकडे असलेली वस्तू माणसाला जरा जास्तच गोड लागते, त्यातली गत.

एका वर्षी मात्र तिला पुन्हा नाही म्हणायची त्याला लाज वाटली. मग त्याने युक्ती काढली. तो न फळणारा कंद खणला, नीट धुतला आणि पारावर कासारणीच्या ओंजळीत ठेवला. जागा मोकळी झाली आणि दानही झालं.

"चांगला आहे ना, दादा?" तिने विचारलं.

"माझ्याच कुंपणातला आहे," तांबट म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

कासारणीने तो कंद पुढच्या दाराशी, सगळ्यांना दिसेल असा लावला. आषाढात वेल कौलांवर चढला आणि रोज तिन्हीसांजेला पिवळ्या फुलांनी भरून जाऊ लागला. फळ एकही नाही. येणारे-जाणारे विचारायचे, "काय कासारीणबाई, यंदा फुलांचीच भाजी का?" ती हसायची, आणि घरात जाऊन विचार करत बसायची, आपलं काय चुकलं.

इकडे तांबटाच्या कुंपणालाही फुलं आली. प्रत्येक फुलाच्या देठाशी इवलंसं काटेरी करटुलं दिसे, आणि दोन-चार दिवसांत ते पिवळं पडून गळून जाई. तांबटाने ताक शिंपडलं, राख टाकली, दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरचीही बांधली. काही उपयोग झाला नाही.

त्यातच त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी वाळून गेली होती. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं.

"आबा, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "आईसारखी करटुल्याची भाजी करा. तेवढी जाईल मला."

"लागतील आता," तांबट म्हणाला. गळलेली करटुली त्याने तिच्या नजरेआड मातीत पुरली. लेकीचं तोंड बघून त्याला जेवण जाईना.

श्रावणात एका संध्याकाळी तो कुंपण निरखत होता. कासारणीचा वेल कौलांवरून सरपटत थेट त्याच्या कुंपणावर उतरला होता. आणि जिथे दोन्ही वेल एकमेकांत गुंतले होते, नेमकी तिथेच तीन टपोरी करटुली धरली होती. बाकी सगळं कुंपण रिकामं. आता तांबटाच्या लक्षात आलं. कोपऱ्यातला तो गाणारा फुलत होता म्हणून बाकीचे फळत होते. या फुलांचा पराग त्या फुलांना लागायला हवा होता.

शेजारची फुलं हाताशी होती. गुपचूप तोडली असती तरी कुणाला कळलं नसतं. त्याने हात लांबवला, तेवढ्यात कासारीण पाण्याची घागर घेऊन आली.

"दादा, बरं झालं भेटलात," ती म्हणाली. "तुमचा चांगला कंद मी वाया घालवला. माझा हातच वाईट. आखितीला परत घेऊन जा, तुमच्या हाताला तरी येईल."

तांबटाने हात मागे घेतला. "हात तुझा वाईट नाही, अक्का. माझं मन वाईट होतं. हा फळत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तो तुला दिला." मग त्याने बायकोचं बोलणं सांगितलं, या फुलांवाचून गळणारी करटुली सांगितली, लेकीचंही सांगितलं.

"पावसाळाभर मी स्वतःलाच बोल लावत होते, दादा," कासारीण म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं आणि तिने ते लपवलं नाही. पण घागर खाली ठेवून तिने पदरात फुलं खुडली आणि कुंपणावरून त्याच्याकडे दिली. "घ्या. पोर उपाशी आहे."

त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला ती फुलं द्यायची आणि तांबट एकेक फूल आपल्या फुलांना हलकेच लावायचा. कुंपण करटुल्यांनी लगडलं. लेकीने पोटभर भाजी खाल्ली, पुन्हा मागून घेतली. पण त्याआधी पहिल्या करटुल्यांचा वानवळा कासारणीच्या घरी गेला होता.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला तांबटाने पारावर सगळ्यांसमोर आपली लबाडी सांगितली आणि फळणाऱ्या वेलाचा सगळ्यात मोठा कंद कासारणीला दिला. तिनेही मातीने माखलेलं काहीतरी त्याच्या हातावर ठेवलं.

"हे काय, अक्का?"

"तुमचा गाणारा," कासारीण म्हणाली. "बाजूला पिल्लू धरलं होतं त्याने. कोपऱ्यातच लावा, त्याच्या जुन्या जागी."

तात्पर्य: देताना आपल्याला नको ते देऊ नये. एक तर घेणाऱ्याचं मन दुखावतं, आणि दुसरं, आपल्याला खरंच काय नको आहे हे आपल्याला कुठे कळतं?