खारीचा दाणा आणि ताटातली जागा

पेरूच्या झाडावर राहायची एक खार. एवढीशी! शेपूट मात्र झुपकेदार.
खारीला मिळाला एक दाणा. शेंगदाणा. गोल गोल, गुलाबी.
खार म्हणाली, "आता मी खाणार!"
तेवढ्यात दाणा सुटला. गुड गुड गुड गुड... खिडकीतून आत. टप्प!
पडला कुठे? दिगूकाकांच्या दाण्यांच्या वाडग्यात!

घरात बाळाचं बारसं होतं. पाहुणे जेवायला येणार होते. काकडीची कोशिंबीर करायची होती. तिच्यात दाण्याचं कूट घालायचं होतं. दिगूकाका खलबत्ता घेऊन बसले होते.

"काका काका, माझा दाणा द्या ना!"
"कसा देऊ गं? कूट किती लागेल, तेच कळेना. उरला तर तुझा."
"आणि सगळे लागले तर?"
"मग सगळे कुटणार. तुझासुद्धा!"
खारीची शेपूट ताठ झाली. "किती लागेल, कोणाला माहीत?"
"काकडी चिरणाऱ्या आत्याला विचार."

खार निघाली. तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

कुमुदआत्या विळीवर बसली होती. समोर काकड्यांचा ढीग.
"आत्या आत्या, काकडी किती?
विळी चालेना,
बत्ता हलेना,
माझा दाणा मिळेना!"
"मला काय विचारतेस? पातेलं केवढं, ते कळू दे. मग चिरते. जा, तात्यांना विचार."

खार निघाली. तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

तात्याआजोबा माळ्याखाली उभे होते. एका हातात छोटं पातेलं. एका हातात भलंमोठं पातेलं.
"तात्या तात्या, पातेलं केवढं?
पातेलं ठरेना,
विळी चालेना,
बत्ता हलेना,
माझा दाणा मिळेना!"
"मोठंच घेऊ! कमी पडलं तर नाक कापलं जाईल!"
खारीनं आपलं नाक चाचपलं. "कसं कापलं जातं?"
"मोठ्यांना उलट विचारू नये!"
"मग मोठ्यांनी ठरवावं ना पटकन!"
तात्यांनी दोन्ही पातेल्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "एक माणूस किती घेईल, तेच कळेना. जा, वाढणाऱ्या काकूला विचार."

खार निघाली. तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

शालनकाकू चमचे पुसत होती. एक चमचा इवलासा. एक चमचा डावाएवढा.
"काकू काकू, चमचा केवढा?
चमचा कळेना,
पातेलं ठरेना,
विळी चालेना,
बत्ता हलेना,
माझा दाणा मिळेना!"
"अगं, पंगत असती तर मीच वाढलं असतं. घ्या हो, घ्या हो, अजून घ्या हो! पण आज पंगत नाही. टेबलावर सगळं मांडणार. ज्यानं त्यानं आपापलं घ्यायचं. कोण किती घेईल, मला काय ठाऊक? ताटात जागा किती उरते, ते बघ."
"कुठे बघू?"
"ताटातच बघ!"

खार निघाली. तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

ताटांची चळत होती. सगळ्यांत वरचं ताट चकचकीत.
"ताटा ताटा, जागा किती?
जागा दिसेना,
चमचा कळेना,
पातेलं ठरेना,
विळी चालेना,
बत्ता हलेना,
माझा दाणा मिळेना!"

ताट खणकन हसलं. "सकाळपासून सगळे एकमेकांना विचारतायत. मला कोणी विचारलंच नाही! भरून बघा की मला!"

खारीनं सगळ्यांना हाक मारली. काकूनं ताट भरलं.
चटणी वाढली, टिच्च!
पोळी ठेवली, थप्प!
भाजी वाढली, पच्च!
भात वाढला, भस्स!
आमटीची वाटी ठेवली, डुब्ब!
"ही काय?" खारीनं विचारलं.
"जिलबी!"
"आणि हा?"
"पापड!" कुर्रर्र!
"पुरे, पुरे!" ताट ओरडलं. "आता डावीकडे बघा. चटणीशेजारी."
सगळे वाकले. काका वाकले, आत्या वाकली, तात्याही वाकले.
जागा होती एवढीशी! खारीच्या पंज्यापेक्षा जराशी मोठी.
"एवढीशीच कोशिंबीर?" तात्या म्हणाले.
"एवढीच माझी जागा!" ताट म्हणालं.

मग काय!
जागा दिसली.
चमचा कळला, इवलासा.
पातेलं ठरलं, छोटं.
विळी चालली, चर्र चर्र चर्र.
बत्ता हलला, धब धब धब.

खार वाडग्याकडे बघत बसली. दाणे कमी झाले. आणखी कमी झाले. आणखी...
बत्ता थांबला.
वाडग्यात उरला होता मूठभर दाण्यांचा ढीग!
"घे गं बाई," काका म्हणाले. "यातला तुझा कोणता?"
खारीनं हुंगून पाहिलं. हा? नाही. हा? नाही. हा? हाच!

पाहुणे आले. जेवले. कोशिंबीर सगळ्यांना पुरली. पातेलं रिकामं झालं. तात्यांचं नाक जागेवरच राहिलं!

आणि खार? ती गेली फांदीवर. दोन हातांत दाणा धरला.
कुट कुट कुट, कुट कुट कुट!

दाणा खारीच्या पोटात, गोष्ट तुमच्या कानात. आता सांगा बघू, तुमच्या ताटात जागा किती?