अर्धी टाकी

"पण टाकी अर्धी भरली की वजनही अर्धंच होतं. मग गाडी डोलायला नको ना, बाबा?"

मुकुंद टिपणीस तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

भिकनबाबा चिंचेखाली बसून शेळीच्या खुरातला काटा काढत होते. घाटमाथ्यावरच्या लहानशा दर्ग्यात ते एकटेच राहायचे. तरुणपणी ते पखालवाले होते. हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर पाण्यानं भरलेली कातड्याची पखाल लादायची आणि घाट चढायचा, असं त्यांनी वीस वर्षं केलं होतं.

मुकुंद इंजिनियर होता. जीपच्या मागे जोडायचा दोन चाकांचा एक ट्रेलर त्यानं स्वतः बांधला होता. आत पलंग, शेगडी, हात धुवायला बेसिन. पलंगाखाली शंभर लिटरची टाकी. घाट चढायचा म्हणून आज त्यानं ती मुद्दाम अर्धीच भरली होती.

आज ट्रेलरचा पहिला प्रवास. शेवटच्या तीन वळणांवर तो असा डोलला, की जीपचं मागचं चाक कठड्याला लागता लागता राहिलं.

मुकुंदची बायको वृंदा माथ्यावर पोचताच जीपमधून उतरली होती. पिशवी मांडीवर घेऊन ती दर्ग्याच्या पायरीवर एसटीची वाट बघत होती.

"तीन वर्षं हा डबा बांधत होते," ती बाबांना म्हणाली. "घरातला नळ अजून गळतोय. मी एसटीनं परत जाते. यांनी डब्याबरोबर पुढं जावं."

बाबा उठले. त्यांनी ट्रेलरला हातानं एक धक्का दिला आणि त्याच्या पत्र्याला कान लावला.

"ऐक."

मुकुंदनंही कान लावला. आत पाणी या बाजूवरून त्या बाजूवर आदळत होतं. ढब्... ढब्...

ते थांबायला बराच वेळ लागला.

"आम्ही पखाल तोंडापर्यंत भरायचो," बाबा म्हणाले. "तोंड बांधायच्या आधी आतली हवा दाबून काढायचो. नाहीतर रिकामी न्यायचो. अर्धी एकदाच नेली."

"मग? हल्या दरीत गेला?"

"हल्या हुशार होता. मी गेलो. करवंदीच्या जाळीत अडकलो म्हणून इथं बसलोय."

वृंदाला हसू आलं. तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मुकुंदनं पुन्हा पत्र्याला कान लावला. त्यानं वजन मोजलं होतं. हलणं मोजलं नव्हतं.

"मग आता भरून घेतो. विहीर कुठं आहे?"

"घाटाखाली. तू जिथून आलास तिथं."

"म्हणजे..."

बाबा ट्रेलरच्या खालच्या नळाकडे बघत राहिले.

"ओतून देऊ? बाबा, हे घरून गाळून आणलंय. वाटेत कुणाच्या दारात पाण्यासाठी उभं राहायला नको, म्हणून तर एवढी टाकी बसवली."

"कधी राहिला होतास उभा?"

"नाही."

"मग नको, हे कसं कळलं?"

...

पलीकडच्या वळणावर एसटी दिसली. वृंदानं पिशवी खांद्याला लावली.

मुकुंद नळापाशी उकिडवा बसला. त्याचा हात नळावर होता, पण फिरत नव्हता.

मग फिरला.

बाबांनी धारेखाली कळशी लावली. कळशी भरली की ती रस्त्याकडेच्या रांजणात, वाटसरूंसाठी. दुसरी कळशी चिंचेच्या बुंध्याशी. तिसरीत शेळीनंच तोंड घातलं.

एसटी थांबली. ड्रायव्हर उतरून ओंजळीनं प्यायला.

"गोड आहे पाणी. कुठलं?"

"यांच्या डब्यातलं," वृंदा म्हणाली.

मग अर्धी एसटीच खाली उतरली. मुकुंद तांब्यानं पाणी वाढायला लागला. एका म्हातारीनं पिऊन झाल्यावर ओला हात त्याच्या गालावरून फिरवला आणि विचारलं, "कुणाचा रं तू?" फेटेवाल्या एका आजोबांनी त्याला शेंगांनी भरलेली ओंजळ दिली. त्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यानं शर्टाच्या खिशात कोंबल्या. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि तो हसत होता, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

वृंदानं ते पाहिलं. तिनं पिशवी पायरीवर ठेवली आणि बाबांच्या हातातली कळशी घेतली.

कंडक्टरनं दारातून हाक मारली, "ताई, येताय ना?"

"थांबा की जरा. ही एवढी भरू दे."

कळशी भरली. ती रांजणात ओतून झाली. वृंदा पुढची भरायला बसली.

कंडक्टरनं घंटी वाजवली. एसटी घाट उतरून गेली.

शेवटी नळाला थेंब थेंब आले आणि तेही थांबले. मुकुंदनं ट्रेलरला धक्का देऊन बघितला. आतून काहीच आवाज आला नाही.

वृंदानं पिशवी जीपमध्ये टाकली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चला," ती म्हणाली. "आणि वळणावर हळू."

मुकुंद बाबांच्या पाया पडला. निघाला. चार पावलांवर पुन्हा थांबला.

"बाबा, आत एक थेंब राहिला नाही. वळणं संपली की पुढं तीस किलोमीटर नुसता माळ आहे, एखाददुसरी वस्ती. तहान लागली तर?"

बाबांनी रांजणावर झाकण ठेवलं.

"तर माणसं भेटतील."