झोळीखालची थंडी

फार पूर्वी, अस्वलंही झाडांना झोळी बांधून झोपत, त्या काळी सातपुड्यात धोंडू नावाचं एक अस्वल राहत होतं. जमिनीवरच्या मुंग्यांना कंटाळून त्याने दोन सागांच्या मध्ये वेलींची झोळी बांधली, आत गवत अंथरलं आणि आपल्या लेकीला, मैनीला, तिच्यात झोपवलं.

थंडी पडली तशी मैनी कुडकुडू लागली. म्हणाली, "बाबा, पाठ गारठते."

"पाठीला कसली थंडी? थंडी वरून पडते," असं म्हणून धोंडूने तिच्यावर पालापाचोळा रचला. त्यावर आणखी गवत रचलं. पोर ढिगाखाली दिसेनाशी झाली, पण तिचं कुडकुडणं काही थांबेना. सकाळी ती खोकायला लागली, तेव्हा मात्र धोंडूने तिला झोळीतून खाली उतरवलं.

तिला बाजूला बसवून तो स्वतः झोळीत आडवा झाला. अंगाखालचं गवत वजनाने दबून चपटं झालं आणि खालून वारा असा झोंबला, की तो "आई गं" म्हणत उठलाच.

"एवढं मोठं डोकं मिळालं," तो स्वतःलाच म्हणाला, "पण आतसुद्धा केसच भरलेत वाटतं!"

मग त्याने झोळीच्या खाली दुसरी सैल झोळी बांधली आणि मधल्या जागेत सुकं गवत न दाबता भरलं. त्या रात्री मैनी झोपली ती थेट उन्हं वर आल्यावरच उठली.

माकडं विचारायला आली, "धोंडूकाका, ही युक्ती कुणाची?"

"मैनीच्या पाठीची," धोंडू म्हणाला. "मला फक्त ऐकू यायला उशीर झाला."