दत्तक गाव

“मग सांगा ना सर, माझं चुकलं कुठं?”

वृषाली खंडागळे विचारत होती. कॉलेजात सेवा योजनेची शिबिरं भरवून तिनं बारा वर्षांत ढीगभर प्रशस्तिपत्रं मिळवली होती. मुलांना नागरिकत्व शिकवावं तर वृषालीनंच, असं लोक म्हणत, तीही म्हणे. आणि यंदा तांबेखडीनं निरोप धाडला होता, ‘तुमचं शिबिर आमच्याकडं नको.’

ते वर्मी लागलं होतं. म्हणून तर ती निवृत्त आडकर सरांच्या ओसरीवर येऊन बसली होती. ती शिकत असताना सरांनीच तिला पहिल्यांदा त्या गावात नेलं होतं.

“वेशीवर काय लावलंस?”

“फलक. ‘दत्तक गाव : तांबेखडी. पालक : आमचं महाविद्यालय.’”

“हं…”

“गटारं खणली, भिंती रंगवल्या, स्वच्छतेवर व्याख्यानं दिली. आणखी काय करायचं माणसानं?”

दोरीवरचा पंचा ओढून सरांनी तिच्या मांडीवर टाकला.

“चुंबळ कर.”

वृषालीला हसू आलं. पण हात थांबले नाहीत. पंच्याला पीळ, दोन वेढे, टोक आत. डोक्यावर ओझं घ्यायला चुंबळ तयार.

“कुणी शिकवली?”

“गोजराआजीनं…”

तिचा आवाज उतरला. पहिलंच शिबिर. मातीचं घमेलं डोक्यावर घेतलं आणि दहा पावलांत सांडलं. पाण्याला निघालेली गोजराआजी पोट धरधरून हसली. मग आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून हिच्या डोक्यावर ठेवली. “मान ताठ धर, पोरी. नजर म्होरं.” दुपारी घरी नेऊन भाकरी-कोरड्यास वाढलं. असं रोज, दहा दिवस. निघताना वृषाली हमसून हमसून रडली होती. काय दिवस होते ते!

“तुझी मुलं जेवतात कुठं?”

“केटरर असतो, सर. गावाला त्रास नको म्हणून.”

“आणि गोजराबाई?”

“गेल्या… पाचेक वर्षं झाली. शिबिराच्या गडबडीत माझं जाणं राहिलं.”

तिनं पंच्यानंच डोळे पुसले. चुंबळ सुटली.

“फलक काढून टाकते, सर.”

“कशाला? चांगला आहे फलक…”

सरांनी पंचा घेतला, झटकला, पुन्हा दोरीवर टाकला.

“नावांची तेवढी अदलाबदल कर.”